जुन्यांना जुना नियम



१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. आपण म्हैसूर राज्यात आलो. पण जुन्या नोकरदारांना राज्य पुनर्रचना कायद्याचे संरक्षण होते. केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांचे नुकसान होईल अशा सेवाशर्ती बदलता येत नव्हत्या.

पेन्शनच्या बाबतीत मात्र हा न्याय उशिरा मिळाला. १ एप्रिल २००६ पासून कर्नाटकात रुजू होणाऱ्यांना नवी योजना लागू झाली. भरतीची जाहिरात आधीची, पण ऑर्डर नंतरची, असे कर्मचारी मध्येच अडकले. जुन्या पेन्शनची मुभा त्यांना २०२४ मध्ये मिळाली.

नव्या नियमाला तारीख लागतेच. पण जुन्या नियमाच्या भरवशावर ज्याने पाऊल टाकले, त्याला वाऱ्यावर सोडू नये. गणराय राज्यकर्त्यांना ही बुद्धी देवो!