स्वस्त कॉम्प्युटरमागचा हिशेब

मी इथे सुपेल्यात कॉम्प्युटर जोडून विकतो. 'ऑनलाइन एवढ्याला मिळतो, तुमच्याकडे महाग कसा?' हे रोज ऐकतो, म्हणून आज धंद्याची वही उघडतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील प्लान्टमध्ये होते. टनामागे खर्च म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

समजा, कॉम्प्युटर जीएसटी धरून २०,००० रुपयांना विकला. १८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले ३,०५१ रुपये कराचे. उरले १६,९४९. त्यात दुकानदाराचे पाच टक्के धरा, साधारण ८५० रुपये. दुकानाचं भाडं, वीज, जोडणाऱ्या मुलाचा पगार, सगळं त्यातूनच. वर्षभराची वॉरंटीही त्यातूनच! आता हा कॉम्प्युटर गेला दल्ली राजहराला. तीन महिन्यांत त्याचा एसएमपीएस उडाला. कंपनी पार्ट बदलून देते, पण गाडीचं पेट्रोल आणि मुलाचा अख्खा दिवस कोण देणार? एका फेरीत नफा साफ. दुसरी फेरी घरच्या पैशाने.

मग भाव कमी करायचा तर काटछाट कुठे होते? जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे. रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे सगळे विचारतात. एसएमपीएस कुठला, हे कुणीच विचारत नाही. तो हलका बसवायचा, कॅबिनेट मात्र रंगीत दिव्यांचं. मे महिन्यात भिलाईच्या उन्हात तो किती टिकेल, तुम्हीच सांगा.

हे फक्त छोट्या दुकानाचं रडगाणं नाही. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने ३५ डॉलरचा, म्हणजे १,५०० रुपयांच्या आसपासचा टॅब्लेट दाखवला. ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' आला तेव्हा सरकारी खरेदीची किंमत २,२७६ रुपये होती. त्यात २५६ एमबी रॅम आणि बोट जोरात दाबावं लागणारा पडदा. तो बनवणाऱ्या डेटाविंडचा डावच असा होता की यंत्र जवळपास खर्चात विकायचं आणि कमाई इंटरनेट आणि जाहिरातींतून काढायची. चूक नाही त्यात काही. पण मग तो भाव यंत्राचा नव्हे, गिऱ्हाईक मिळवण्याचा.

त्याआधी अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांचा १०० डॉलरचा लॅपटॉप गाजला होता. २००७ मध्ये कारखान्यातून निघाला तो साधारण १८८ डॉलरला. त्याच वर्षी कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या वीसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत तो पोचलाही. पण तिथे शिक्षकाला तयार करायचं, इंटरनेट पोचवायचं, बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायचं, यातलं काहीच त्या १८८ डॉलरमध्ये नव्हतं. ते कुणीतरी वेगळं भरायचंच असतं.

आपल्याकडच्या शाळा निविदा काढतात आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देतात. शिक्षणसेवा करमुक्त असल्याने शाळेला भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही, ते ३,०५१ रुपये तिचे गेलेच. माझी एवढीच विनंती आहे, शाळेच्या समितीवर असाल तर कोटेशनमध्ये तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळ्या ओळीत मागा. एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेलही लिहून घ्या. काही जण ती ओळ कोरी सोडतील. त्यांना फोन करा आणि विचारा, दुरुस्तीला माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत.