कच्च्या कामाची बाजू

मुलांना समस्या सोडवण्याच्या शिस्तबद्ध विचारपद्धती कशा शिकवाव्यात, हा रत्नागिरीत भरलेल्या गणित अध्यापकांच्या या अधिवेशनाचा विषय असल्याने त्याचा पूर्वापार आढावा घेणे ही अध्यक्षाची रीतीची जबाबदारी ठरते.

या आढाव्याची सुरुवात जिल्ह्याबाहेरून करण्याचे कारण नाही. १८५६ मध्ये याच शहरात जन्मलेले लोकमान्य टिळक शाळेत गणित शिकवत. गुहागर तालुक्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चालले. महर्षी कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. आणि दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या स्थानी आले. त्याहून मागे गेल्यास ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त उदाहरणांसोबत ती सोडवण्याच्या विचारपद्धतीही दिल्या आहेत. व्यस्तविधी म्हणजे शेवटच्या ज्ञात संख्येपासून उलट चालत, बेरजेच्या जागी वजाबाकी आणि गुणाकाराच्या जागी भागाकार करत मुळाशी पोहोचणे. इष्टकर्म म्हणजे सोयीची एखादी संख्या धरून चालणे आणि आलेल्या फरकावरून प्रमाणाने खरी संख्या काढणे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्या, म्हणजे प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि उत्तर मिळाल्यावर केलेले पुन्हा तपासणे, आज जगभरच्या अध्यापकांना परिचित आहेत. यापुढे १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे कार्य आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण यांचा परामर्श घेणे क्रमप्राप्त होते. परंतु आढावा येथेच आवरता घेणे भाग आहे, कारण विचारपद्धतींची एवढी समृद्ध परंपरा हाताशी असताना वर्गात मुलाचा विचार जिथे प्रत्यक्ष दिसतो, त्या जागेकडेच शाळांनी पाठ फिरवलेली आहे आणि ही गोष्ट एकदा तरी स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे.

ती जागा म्हणजे कच्चे काम. गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे दोन वह्या असतात : पक्की आणि रफ. पक्की वही तपासली जाते, तिचे समास आखलेले असतात, तिच्यावर सही आणि शेरा पडतो. रफ वही कोणी उघडत नाही, आणि वर्ष संपले की ती रद्दीत जाते. उत्तरपत्रिकेतही कच्च्या कामाच्या जागेवरून तपासणाऱ्याची नजर न थांबता पुढे जाते. परिणामी मुलाने काय धरले, कुठे अडले, काय खोडले आणि का खोडले, हे सारे अध्यापकाच्या दृष्टीआड राहते, आणि विचार करून झाल्यानंतरची मांडणी तेवढी विचार म्हणून मोजली जाते. भूमितीत पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता ही शीर्षके बिनचूक लिहिणारा विद्यार्थी रचनेतली रेषा तिथेच का काढली, या प्रश्नापुढे निरुत्तर होतो, कारण त्या रेषेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याला कोणी कधी दाखवलेला नसतो.

प्रस्तुत वक्त्याच्या सातवीच्या वर्गात बऱ्याच वर्षांपूर्वी पुढील उदाहरण दिले गेले होते : एका बागायतदाराने पेटीतले निम्मे हापूस एका गिऱ्हाइकाला विकले, राहिलेल्यांपैकी ६ शेजाऱ्याला दिले आणि त्याच्याकडे १८ उरले, तर पेटीत मुळात किती आंबे होते? ‘एकूण’ दिसले की बेरीज आणि ‘उरले’ दिसले की वजाबाकी, असे खुणेचे शब्द पाठ करून आलेल्या अनेकांनी १८ मधून ६ वजा केले. एका मुलीच्या पक्क्या वहीत मात्र केवळ ४८ हे उत्तर होते, आणि अशा उत्तरांपुढे तिच्या आधीच्या वह्यांत ‘रीत नाही’ हा लाल शाईतला शेरा पानोपानी पडलेला होता. तिच्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर, शाईच्या डागांमध्ये, ४० ही संख्या धरलेली होती. तिचे निम्मे २०, त्यातून ६ गेल्यावर १४, म्हणजे ४ कमी. मग ४० मध्ये ८ मिळवून ४८, आणि त्याखाली २४ व १८ असा पडताळा. चारच कमी असताना आठ का मिळवले, असे विचारताच उत्तर आले, “निम्मे विकले जाणार ना, म्हणून दुप्पट घ्यायचे.” पोल्यांच्या चारही पायऱ्या त्या पानावर होत्या. तिची रीत इष्टकर्माच्या घराण्यातली होती. मात्र मध्ये ६ ही ठरावीक संख्या आल्यामुळे सरळ त्रैराशिक येथे चालणार नाही, फरकच दुप्पट करावा लागेल, हेही तिला कोणी न सांगता उमगले होते. वर्गासमोर मांडण्यासारखी यापेक्षा चांगली रीत त्या दिवशी दुसरी नव्हती, आणि तपासणीच्या रूढ पद्धतीत ती कोणाच्याही नजरेस पडली नसती.

या अनुभवातून अधिवेशनातील काही वादांचा निकाल लागतो. विचार करण्याचा स्वतंत्र तास असावा, असे काही सहकारी आग्रहाने मांडतात. अशा तासांचा नमुना आज समोर आहेच : शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा भाग आहे. तिच्यासाठी संख्यामालिका व सांकेतिक भाषेचे प्रश्न घोटून घेणारे जादा तास गावोगाव भरतात. अशा प्रश्नांत तरबेज झालेली मुले प्रस्तुत वक्त्याने पुढे आंब्याच्या वरील उदाहरणापुढे अडलेली पाहिली आहेत, कारण त्यांनी प्रश्नांचे प्रकार ओळखण्याचा सराव केला होता. जो प्रकार ओळखीचा नाही, त्यापुढे काय करावे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. दुसरे सहकारी म्हणतात, पायऱ्यांना गुण दिले जातात, मग तक्रार कसली? गुण छापील आदर्श उत्तरातल्या पायऱ्यांना मिळतात, आणि मुलीच्या ४० पासून ४८ पर्यंतच्या वाटेतली एकही पायरी त्या उत्तरात नसते.

तिसरा आक्षेप वेळेचा असून तो खरा आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची रफ वही वाचणे कोणालाही शक्य नाही. परंतु या जिल्ह्यातील वाडीवस्तीवरच्या अनेक शाळांत चार-पाच इयत्ता मिळून जेमतेम वीस मुले असतात. अशा शाळांची गणना नेहमी अडचणींच्या यादीत होते; वास्तविक मुलाच्या शेजारी बसून, त्याचे पेन्सिलीचे आकडे कोठून कोठे गेले हे पाहण्याची सवड राज्यात कोणाला असेल, तर ती याच शाळांतील अध्यापकांना आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, याचा अभिमान प्रत्येक कोकणी माणसाला आहे. परंतु ज्या मुलांनी हे यश मिळवले, त्यांचा विचार कसा चालतो याची नोंद एकाही शाळेच्या कपाटात सापडत नाही, याचे शल्यही तितकेच मोठे असले पाहिजे.

पुढील वर्षभरात काय करावे, याची रूपरेषा अशी. प्रत्येक सहभागी शाळेने आठवड्यातून एक तास एकाच उदाहरणासाठी राखावा, त्या तासाला खोडरबर दप्तरात राहावे आणि मुलांची कच्ची पाने, चुकीच्या वाटांसह, जपून ठेवावीत. त्यांतील निवडक पानांचा संग्रह तयार करण्यासाठी अधिवेशनाने एक लहान समिती नेमावी. संग्रहाची रचना, वर्गवारी आणि पुढचा उपयोग समितीने ठरवावा. परीक्षेत कच्च्या कामाला गुण असावेत की नाही, याची चर्चा त्यानंतर करता येईल. तोपर्यंत कोणत्याही मुलाच्या वहीवर ‘रीत नाही’ असा शेरा त्याचे कच्चे पान पाहिल्याशिवाय लिहिला जाणार नाही, असा ठराव याच सभागृहात आज मंजूर व्हावा. त्याला सरकारी आदेश लागत नाही, अनुदान लागत नाही. अध्यापकाने रफ वही मागून घेणे तेवढे लागते.