‘वी’ म्हणजे आपण, की आम्ही?

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी चांदणी चौकात अडकला असाल, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. या वेळी पाहुणा नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय नोकरीचा, आणि तोही माझ्याच.

बऱ्याच जणांनी मला विचारलं की बंगळुरूची एवढी चांगली नोकरी सोडून पुण्याला परत का आलास? प्रत्येकाला मी "घरच्यांसाठी रे" असं सांगून टाकलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा कराडचा. पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. २०१९ ला मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक झालो आणि कॅम्पसमधून हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत लागलो. वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पगार. पहिले काही महिने बेंचवर, मग एका परदेशी बँकेच्या प्रोजेक्टवर तिकिटं बंद करायचं काम. काम वाईट नव्हतं, पण दोन वर्षांत मी स्वतः बनवलेलं असं काही दाखवता आलं नसतं.

मग आलं २०२१. तेव्हाचं मार्केट आठवतंय ना? त्या एका वर्षात भारतात चाळीसहून जास्त स्टार्टअप युनिकॉर्न झाल्या. लिंक्डइन उघडलं की रोज कुणीतरी नवीन जॉईन झालेलं. मलाही बंगळुरूच्या एका स्टार्टअपची ऑफर आली. किराणा दुकानांना माल पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरसाठी ते बिलिंगचं ॲप बनवत होते. पगार जवळजवळ तिप्पट, वर ईसॉप. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड मी कॅलेंडरवर फुल्या मारत काढला.

पहिल्याच आठवड्यात ऑल-हँड्स मीटिंग होती. फाउंडर बोलत होते. "वी आर बिल्डिंग धिस टुगेदर." वी, वी, वी. खरं सांगतो, अंगावर काटा आला होता. आधीच्या कंपनीत मी एक एम्प्लॉयी नंबर होतो. इथे फाउंडरला माझं नाव माहीत होतं.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. सहा महिन्यांत मी जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दोन वर्षांत नव्हतो शिकलो. डेटाबेस का मंदावतो, डिप्लॉय फसला तर मागे कसं यायचं, चिडलेल्या ग्राहकाशी काय बोलायचं, सगळं. एका दिवाळीत पाडव्याच्या रात्री साडेअकराला सर्व्हर पडला. मी कराडला, घरचं वाय-फाय बंद, गच्चीवर जाऊन मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दोन वाजेपर्यंत बसलो. आई खालून विचारतेय, "अरे, कुणाचं काय झालं?" मी म्हटलं, "आपला सर्व्हर पडलाय." आपला. मला त्याचं काहीच वावगं वाटलं नव्हतं.

आता इथे मराठीतली एक गंमत सांगतो. इंग्रजीत ‘वी’ एकच आहे. मराठीत दोन आहेत, आपण आणि आम्ही. "आपण जेवायला जाऊ" म्हटलं तर तुम्हीही चला. "आम्ही जेवायला जातोय" म्हटलं तर तुम्ही बसा. लहान पोरालाही हा फरक कळतो. पण दिवसभर इंग्रजीत काम केलं की तो विसरायला होतो. कंपनी ‘वी’ म्हणते आणि आपण प्रत्येक वेळी ‘आपण’ असंच ऐकतो.

तर, २०२२ पासून हवा बदलली. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये व्याजदर वाढवायला सुरुवात केली. जवळजवळ शून्यावर असलेला दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. म्हणजे स्वस्तातला पैसा संपला. जो गुंतवणूकदार आधी "वाढवा, वाढवा" म्हणत होता, तो आता "नफा कधी?" विचारायला लागला. आमच्या ऑफिसमध्ये पहिल्यांदा ‘रनवे’ हा शब्द ऐकू आला. खात्यात असलेले पैसे भागिले दर महिन्याला जळणारे पैसे, म्हणजे रनवे. किती महिने तग धरू, एवढंच.

मी तोपर्यंत टीम लीड झालो होतो. वय पंचवीस, हाताखाली सहा जण. जून २०२३ मध्ये माझ्या मॅनेजरचा फोन आला. दोन नावं हवी होती, शुक्रवारपर्यंत. एक शीट पाठवली होती, त्यात नाव, पगार आणि कारण असे तीन कॉलम.

पहिलं नाव फारसं माझ्या हातात नव्हतं. ती मुलगी ज्या मॉड्यूलचं टेस्टिंग करायची, ते मॉड्यूलच बंद होणार होतं. प्रश्न दुसऱ्या नावाचा होता. दोन ज्युनिअर डेव्हलपर होते, कामाला सारखेच. एकाने नुकतंच होम लोन घेतलं होतं. दुसरा नागपूरचा, अविवाहित, आई-वडिलांचं स्वतःचं घर. मी हिशोब केला की हा सावरेल. आणि आणखी एक गोष्ट, जी मी बरेच दिवस स्वतःलाही सांगितली नव्हती. हा शांत मुलगा होता. हा भांडणार नाही, हे मला माहीत होतं.

त्याचं नाव लिहिलं. कारणाच्या कॉलममध्ये काय लिहू? "याच्या घरी भाडं भरावं लागत नाही" असं तर लिहिता येत नाही. मी लिहिलं, परफॉर्मन्स.

मीटिंग गूगल मीटवर झाली. एचआर, मी आणि तो. अकरा मिनिटं. समोर एचआर म्हणून सगळं इंग्रजीत. मी वाचून दाखवलं, "वी हॅव डिसायडेड..." तो काहीच बोलला नाही, ओके म्हणाला. मीटिंग संपली आणि दोन मिनिटांत त्याचा लॅपटॉप लॉक झाला. मग माझ्या व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला, मराठीत. "दादा, वी म्हणजे कोण? तू पण?"

मी उत्तर दिलं नाही. दोन निळ्या टिका तशाच राहिल्या.

सप्टेंबरमध्ये गणपतीला घरी गेलो. रात्री पप्पांशी बोलता बोलता सगळं सांगितलं. मार्केट, फंडिंग, रनवे, माझ्यावर केवढा ताण होता, वगैरे. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आणि त्या दोन पोरांचं पुढं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. तीन महिने झाले होते आणि मी एक फोन केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन लावला. वाटलं होतं तो उचलणार नाही. उचलला. मी माफी मागितली आणि खरं कारण सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मी इंटरव्ह्यूमध्ये स्वतःच सांगत होतो की माझा परफॉर्मन्स कमी पडला. मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे खरंच असणार."

हे ऐकून काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. नोकरी जाणं एक वेळ ठीक, ती कंपनीच्या पैशाची गोष्ट होती. पण त्याचा स्वतःच्या कामावरचा विश्वास मी एका शब्दात घालवला होता, आणि त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता. तो शब्द माझा होता.

मी त्याच रात्री लिंक्डइनवर त्याच्यासाठी रेकमेंडेशन लिहिलं, त्याने काय काय बनवलं ते नावानिशी. बंगळुरूला परत गेल्यावर मॅनेजरला आणि एचआरला मेल केला की ते कारण चुकीचं होतं, मी लिहिलेलं होतं. उत्तर आलं, "थँक्स फॉर शेअरिंग." बस्स. तो मुलगा डिसेंबरमध्ये दुसरीकडे लागला. टेस्टिंगवाल्या मुलीला आधीच नोकरी मिळाली होती. हा भाग त्या मुलाला विचारूनच करतोय. म्हणाला, "कर, फक्त नाव नको."

नोव्हेंबरमध्ये मी राजीनामा दिला. आणि तेव्हा मला ईसॉप म्हणजे काय ते पहिल्यांदा नीट कळलं. हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण ऑफर लेटर बघताना याच आकड्याला आपण भुलतो.

ईसॉप म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला शेअर विकत घ्यायचा हक्क. साधारण चार वर्षांत तो हळूहळू मिळतो, पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. माझे निम्मे झाले होते. पण कंपनी सोडल्यावर ते विकत घ्यायला मला फक्त नव्वद दिवस होते. समजा, तुमच्याकडे १,००० ऑप्शन आहेत, ठरलेली किंमत १०० रुपये आणि आजची कागदावरची किंमत ६०० रुपये. आधी १ लाख भरून शेअर घ्या. वरचे ५ लाख सरकार तुमचा पगार धरतं, त्यावर टॅक्स. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर दीड लाख आणि वर सेस. म्हणजे अडीच लाखांहून जास्त खिशातून गेले, आणि हातात असे शेअर जे कुठल्याही बाजारात विकता येत नाहीत. २०२० च्या बजेटमध्ये काही पात्र स्टार्टअपसाठी हा टॅक्स पुढे ढकलायची सोय झाली, पण ती सगळ्यांना लागू नाही, आणि नोकरी सोडली की तिथेही टॅक्स भरावाच लागतो.

मी हिशोब केला आणि नव्वद दिवस जाऊ दिले. आपली कंपनी, आपली कंपनी म्हणत होतो, त्यातलं माझं काय होतं ते एक्सेलच्या एका ओळीत संपलं.

ईसॉप म्हणजे फसवणूक, असं मी म्हणत नाही. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच सुरू झाली, १९९३ ला शेअर बाजारात आली, आणि ज्या कर्मचाऱ्यांकडे तिचे शेअर होते त्यांची घरं झाली. असं होतं. पण ते होईलच असं धरून आजचा पगार कमी घ्यायचा का, हा विचार तुम्ही करायचा. मी आता ईसॉपची किंमत शून्य धरतो. मिळाले तर बोनस.

सध्या मी बाणेरला चाळीस जणांच्या एका कंपनीत आहे. हो, हीसुद्धा स्टार्टअपच आहे. पगार बंगळुरूपेक्षा कमी, शनिवार-रविवार बहुतेक माझे. या वेळी इंटरव्ह्यूच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स?" आल्यावर मी खरंच प्रश्न विचारले. किती महिन्यांचा रनवे आहे? कंपनी सोडल्यावर ईसॉप घ्यायला किती दिवस मिळतात? एकूण शेअर किती आहेत, कारण १,००० ऑप्शन दहा लाखांतले की दहा कोटींतले, यात फार फरक आहे. कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदारांचे पैसे आधी सुटतात का? आणि शेवटचा, तुमच्याकडून कुणाला काढलं असेल तर कसं काढलं? एका ठिकाणी या प्रश्नावर कॉल लवकर संपला. इथे फाउंडर पाच मिनिटं बोलले, नावं न घेता. म्हणून इथे आलो.

सीटीसीचंही तेच. त्यात ग्रॅच्युइटी धरलेली असते, पण ती मिळायला साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. स्टार्टअपमध्ये पाच वर्षं कोण राहतं? हातात येतो तो आकडा बघा. आणि कंपनीचा रनवे विचारता तसा स्वतःचाही मोजा. भाडं, हप्ते, घरी पाठवायचे पैसे धरून सहा महिने निघतील एवढे बाजूला ठेवा. मी नोव्हेंबरमध्ये राजीनामा देऊ शकलो तो त्याच जोरावर. हिंमत वगैरे काही नव्हती.

तुम्ही नवीन असाल, कॉलेजमधून बाहेर पडताय, तर स्टार्टअपमध्ये जरूर जा. जीव लावून काम करा, शिकून घ्या. फक्त कुणी ‘वी’ म्हटलं की मनात मराठी करून बघा. आपण की आम्ही? रात्री सर्व्हर पडतो तेव्हा आपण, आणि पैसे वाटायचे असतात तेव्हा आम्ही, असं होत असेल तर वेळेत ओळखा.

आणि तुम्ही लीड असाल, उद्या तुमच्याकडे अशी शीट आली, तर नावं कदाचित द्यावीच लागतील. कंपनीकडे पैसे नसतील तर नसतात. पण कारणाच्या कॉलममध्ये खरं लिहा. पैसे नाहीत, तर पैसे नाहीत असं लिहा. आणि समोरच्याला सांगताना ‘वी’ म्हणू नका. "तुझं नाव मी दिलं" असं म्हणा. जड जातं, मला माहीत आहे. पण निदान तो माणूस पुढचे तीन महिने स्वतःला दोष देत बसणार नाही.

त्याच्या मेसेजला मी शेवटी उत्तर दिलं. हो, मी पण.

चला, आज एवढंच. तुमच्यावर कधी अशी वेळ आली असेल, कुठल्याही बाजूने, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव नको असेल तर सांगा, पुढच्या भागात नाव न घेता ऐकवतो. भेटू पुन्हा. काळजी घ्या, आणि जमलं तर आज एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोन करा.