सिमकार्डाची ओळख आणि श्रमिकाची ओळख



भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत बारा बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या कामगाराचे नाव हजेरीपटावर बहुधा नसते. विणलेल्या कापडाच्या मोजमापावर मजुरी, बिशीत म्हणजे कामगारांच्या खानावळीत जेवण आणि दाटीच्या खोलीत आळीपाळीने झोप, असे त्याचे जीवन. उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेल्या या माणसाची शासनाच्या दफ्तरी नोंद व्हावी, ही कामगार चळवळीची जुनी मागणी. २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली, तेव्हा तिला काही अंशी यश आले हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या नोंदणीच्या दाराशी एक पहारेकरी उभा होता. आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर ओटीपी येईल, तो सांगा आणि आत या. क्रमांक जोडलेला नसेल तर सेवा केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्या. बँकेच्या खात्यापासून शासकीय अनुदानापर्यंत हाच पहारेकरी आता ठायी ठायी भेटतो.

हा ओटीपी नेमके काय सिद्ध करतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक म्हणून कार्यकर्त्यांनी टाळू नये. सिमकार्डात एक गुप्त किल्ली साठवलेली असते आणि तिची दुसरी प्रत मोबाइल कंपनीच्या संगणकात असते. फोन जाळ्याशी जोडला जाताना कंपनी एक संख्या पाठवते. कार्ड किल्लीच्या साह्याने तिचे उत्तर काढते. ते कंपनीच्या उत्तराशी जुळले की ओळख पटते. किल्ली स्वतः हवेतून कधीच प्रवास करीत नाही. रचना बुद्धिमान आहे, यात शंका नाही. दुसऱ्या पिढीच्या जाळ्यात मनोरा कार्डाला पारखतो, पण कार्डाला मनोऱ्याची पारख नसते, त्यामुळे खोटा मनोरा उभारून फसवणूक करता येते. तिसऱ्या पिढीपासून ही त्रुटी दूर झाली. बटणांचा साधा फोन वापरणारे पुष्कळ गरीब मात्र अजून जुन्याच जाळ्यावर आहेत. पण जाळे कोणतेही असो, ओळख पटते ती कार्डाची. ते कोणाच्या हाती आहे हे जाळ्याला कळत नाही. दूरवरचा संगणक, बँकेचा असो वा शासनाचा, कार्डाच्या ओळखीलाच माणसाची ओळख मानून मोकळा होतो.

आणि हे कार्ड तर भाड्याचे! रिचार्ज थकला की क्रमांक बंद पडतो, आणि बंद पडल्यावर ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. दूरसंचार नियामकाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसे सांगितले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा नागरिक म्हणून ओळखले जाण्याचे भाडेच वाढले. आधार केंद्रावर क्रमांक बदलण्याचे शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ५० रुपयांवरून ७५ झाले. बुडालेल्या पाळीची मजुरी त्याहून अधिक, पण ती कोणाच्याच हिशेबात येत नाही. खातरजमेचा खर्च संस्थेच्या ताळेबंदातून उचलून श्रमिकाच्या खिशावर टाकण्याचा हा प्रकार आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर कहरच झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींना ई-केवायसी सक्तीची केली. तीत स्त्रीच्या ओटीपीबरोबर तिच्या पतीच्या किंवा पित्याच्या मोबाइलवरील ओटीपीही मागितला गेला. पती वारला आहे आणि वडीलही नाहीत, अशा स्त्रीने कोणाचा फोन आणावा? पुढे ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवून अशा स्त्रियांसाठी कागदपत्रांची वाट काढली गेली. परंतु नियम लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक स्त्रीमागे मोबाइलधारी पुरुष गृहीत होता, ते त्यातून उघड झाले. पंधराशे रुपयांसाठी बिशी चालवणाऱ्या विधवेला असा पुरुष दाखवावा लागावा, हे लोकशाही राज्याला शोभणारे नाही.

खातरजमाच नको, असे कोणी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला तो योग्यच होता. ज्याच्या खात्यात चार हजार आहेत त्याला चोरीचा फटका सर्वांत जास्त बसतो. २०२५ च्या नव्या निर्देशांत, १ एप्रिल २०२६ ही तारीख घालून, बँकेने एसएमएसखेरीज इतर साधनांनाही उत्तेजन दिले. पण ती साधने बहुतांशी स्मार्टफोनवरची आहेत. बटणांचा फोन बाळगणारा कामगार तेथेही दाराबाहेर राहण्याचा धोका आहे.

आधार प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार खातरजमा फसली म्हणून लाभ नाकारता येत नाही. अपवादाची नोंद करून दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावयाचा असतो. रेशन दुकानात हे परिपत्रक दाखवावे, अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून घ्यावी. दुकानदार नकार देत असेल तर नकार, त्याचे कारण आणि तारीख लेखी मागावी, आणि ते कागद घेऊन शिधावाटप अधिकाऱ्याकडे एकट्याने नव्हे, दहाजणांनी मिळून जावे.