काष्टा, टुटू आणि माया



जन्मभर विंगेत सुई-दोरा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला आपण आज या खुर्चीत बसवलंत. हा मान मी माझ्या एकटीचा समजत नाही. नाटकाच्या जाहिरातीत ज्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही, त्या सगळ्या कपडेपटवाल्यांचा तो आहे.

आपण बडोद्याच्या मकरपुऱ्यात जमलो आहोत. खंडेराव महाराजांनी बांधलेला आणि सयाजीरावांनी वाढवलेला राजवाडा इथेच आहे. आज तिथे हवाई दलाचं प्रशिक्षण चालतं आणि आजूबाजूला कारखाने उभे आहेत. पण मला बोलायचंय ते त्या काळच्या दरबारात नाचलेल्या पायांबद्दल आणि त्या पायांवरच्या कापडाबद्दल.

१८८० साली तंजावरच्या मराठी घरातली लक्ष्मीबाई सयाजीरावांशी लग्न होऊन बडोद्याला आली आणि चिमणाबाई झाली. तिच्या आंदणात नर्तकी आल्या, सोबत त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, आणि वादक आले. त्यांतल्या गौरा आणि कांतिमती यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथल्या विद्यापीठात नृत्य शिकवत होते, म्हणजे हा धागा अगदी आपल्यापर्यंत येऊन पोचतो. तंजावरी नर्तकींची त्या काळातली छायाचित्रं नीट पाहा. खाली पायाला बसणारा पायजमा, त्यावर साडी, पुढे निऱ्यांचा पंखा आणि कंबरेला पट्टा. गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं तर कापडाला मध्ये फट हवी आणि अब्रूही झाकलेली हवी. दोन्ही गोष्टी त्या बायकांनी नुसत्या नेसण्यात साधल्या.

नेमका हाच प्रश्न तिकडे पॅरिसमध्ये कात्रीने सोडवला जात होता. अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने घागरा घोट्याच्या वर घेतला. तिचे पाय हवेत झरझर एकमेकांना छेदत, ते प्रेक्षकांना दिसावेत म्हणून. १८३२ साली ‘ला सिल्फीद’मध्ये मारी तालिओनी घंटेच्या आकाराचा पांढरा, तलम, थरांचा घागरा घालून आली आणि पुढची पन्नास वर्षं नर्तकी तशाच दिसल्या. मग तो घागरा आखडत आखडत कंबरेशी आडवा झाला. तोच आजचा टुटू. लांबून तो पिसासारखा वाटतो. जवळून पाहिला की कळतं, खाली घट्ट चड्डी, तिच्यावर जाळीच्या चुणीदार झालरी दहा-बारा थरांत शिवलेल्या, आणि ते थर उडताना एकत्र राहावेत म्हणून आतून हाताने घातलेले सैल टाके. टाका आवळला की टुटू मेला. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ही आपल्याच जातीची माणसं.

पण त्या तलमपणाची किंमत मुलींनी मोजली. रंगमंचावर गॅसचे दिवे आणि अंगावर हवा खेळवणारे पातळ थर. १८६२ च्या नोव्हेंबरात पॅरिस ऑपेराच्या तालमीत एमा लिव्ह्री या नर्तकीचा घागरा पेटला आणि आठ महिन्यांनी ती गेली. तुरटीच्या पाण्यातून काढलेलं, सहज न पेटणारं कापड तेव्हा मिळत होतं. ते कडक होतं, मळकट दिसत होतं, म्हणून तिने नाकारलं होतं. तिला दोष देणं सोपं आहे. मी देणार नाही. अंगावर चांगलं पडेल असं आणि जाळणार नाही असं कापड शोधणं हे काम आपलं आहे, नाचणारीचं नाही.

आता बडोद्याकडे येते. गंधर्व नाटक मंडळीला या संस्थानाचा आश्रय होता. स्त्रीभूमिकेतल्या बालगंधर्वांचे शालू, पैठण्या, त्यांची नेसण्याची ढब घराघरांतल्या बायकांनी उचलली, हे आपण ऐकत आलो. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. नाटककार गडकरी गेल्यावर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ ला, ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग याच बडोद्यात झाला आणि भरजरी वस्त्रांसाठी ओळखला जाणारा हा नट नायिका सिंधूच्या ठिगळाच्या लुगड्यात उभा राहिला. ठिगळ लावणं हे जरीपेक्षा अवघड काम आहे. खरं लुगडं वाटेल तिथे फाटत नाही. ते बसायच्या जागी विरतं, पायात अडकतं तिथे काठाला फाटतं. मग बाई विरलेला मधला भाग कापून काढते, दोन तुकडे जोडून दंड घालते. दंड चुकीच्या जागी आला, तर तिसऱ्या रांगेतली आजी ओळखते की ही गरिबी खोटी आहे.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. एका सिंधूसाठी मी शिवलेली नऊवारी केली, झटपट बदलता यावी म्हणून. काष्टा घट्ट झाला आणि त्या मुलीला जात्यापाशी मांडी घालता येईना. ती अवघडून, एका गुडघ्यावर बसून दळत राहिली. प्रयोगानंतर एक शब्द बोलली नाही, आणि त्या रात्री मी ती शिवण उसवली. नर्तकी रुक्मिणीदेवींनी १९३५ च्या सुमारास एका इटालियन शिवणकरणीच्या मदतीने भरतनाट्यमचा शिवलेला पोशाख घडवला, त्याची सोय मला मान्यच आहे. पण नेसवणारे हात आपण कामावरून काढून टाकले, याचं मला दुःख आहे. कापड शिवलं तरी नेसण्याची अक्कल शिवणाऱ्याला हवीच.

म्हणून आपल्याला एक विनंती. शिवणीच्या आत आपण जे जास्तीचं कापड सोडतो, त्याला शिंपी माया म्हणतात. जुन्या पोलक्याची माया उलगडून पाहा. तिथे सुईच्या भोकांच्या तीन-तीन ओळी सापडतात, म्हणजे ते पोलकं तिघींनी घातलं. परदेशातल्या बॅले मंडळ्यांच्या जुन्या टुटूंतही आत एकाखाली एक नावांच्या पट्ट्या शिवलेल्या असतात. बडोद्यातल्या मराठी घरांत अशा पेट्या अजून माळ्यावर आहेत. त्या विकू नका, कपडे धुऊ नका, माया कापू नका. कोणी घातलं, कोणी शिवलं, कोणत्या प्रयोगाला, एवढं कागदावर लिहून आत ठेवा.

माझी पेटी मी आणली आहे. जेवणं झाल्यावर बाहेरच्या ओसरीवर चादर अंथरू आणि एकेक कपडा उलटा करून पाहू. ज्यांचे हात कोरडे आहेत त्यांनी पुढे बसावं.