रेल्वे कामगार आणि मध्यमवर्ग
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गात आम्हाला 'मध्यमवर्ग आणि समाजातील त्याचे स्थान' हा विषय दिला आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. प्राध्यापक मंडळी या विषयावर ग्रंथ लिहितात, तसे आम्हाला जमणार नाही. पण तीसहून जास्त वर्षे रेल्वेत काढली, त्यात कामगाराचा मध्यमवर्गीय कसा होतो हे जवळून पाहिले आहे. त्यावरच बोलतो.

वडिलांच्या पिढीत हिशेब सोपा होता. लेखणी धरणारा तो पांढरपेशा, पाना-हातोडा धरणारा तो कामगार. आता कोणालाही विचारा, तो मध्यमवर्गीयच असतो. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असे जाहीर झाले, आणि मध्यमवर्गाला दिलासा म्हणून त्याचे स्वागत झाले. म्हणजे महिन्याला लाख रुपये मिळवणारा मध्यमवर्गीय. दुसरीकडे असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीचा आकडा ३० कोटींच्या वर गेला आहे. या दोघांच्या मध्ये आपला ट्रॅकमेंटेनर, पॉइंट्समन, फिटर, बुकिंग क्लार्क बसतो. तोही म्हणतो, "आम्ही मिडल क्लास." आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. पक्के घर, मुलीला कॉलेज, आजारपणात इस्पितळ हे मिळावे म्हणूनच तर युनियन काढली. प्रश्न एवढाच, की हे आले कुठून, आणि आल्यावर आपण पाठ कोणाकडे केली?

रविवारची सुट्टी घ्या. आज मध्यमवर्गाचा सगळा संसार त्या एका दिवसाभोवती फिरतो. ती सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनी १० जून १८९० रोजी पदरात पाडून घेतली. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात कारकुनी केली, पुढे ते गिरणीत स्टोअरकीपर झाले. नोकरी पांढरपेशाचीच, पण माणूस मागावरच्या कामगाराच्या बाजूने उभा राहिला. १९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतले ना. म. जोशी एके काळी शाळामास्तर होते. रेल्वे कामगारांची संघटना बांधणारे व्ही. व्ही. गिरी बॅरिस्टर होते आणि पुढे राष्ट्रपती झाले. म्हणजे मध्यमवर्ग मुळातच स्वार्थी असतो, असे जे आपल्या सभांत सर्रास बोलले जाते, ते आम्हाला मान्य नाही. तो कोणाच्या शेजारी उभा राहायचे ठरवतो, त्यावर सगळे अवलंबून असते.

आता आपला इतिहास. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब घालून दिला. कुटुंबाला अन्न किती, वर्षाला कापड ७२ वार, घरभाडे, इंधन, असे एकेक धरून. तो कागदावर आला, पण पगारात येईना. १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. मग ८ मे १९७४ पासून वीस दिवस रेल्वेचा संप झाला, आणि सुमारे १७ लाखांच्या या खात्याची चाके थांबली. हजारो माणसे तुरुंगात गेली, बायका-मुलांना क्वार्टरमधून बाहेर काढले. त्या वेळी संप मोडला. पण ज्या बोनससाठी तो झाला, तो १९७९ मध्ये मिळालाच. दिवाळीच्या तोंडावर खात्यात जमा होतो तो हा बोनस, नव्या मुलांना हे सांगावे लागते.

त्या संपाच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती, ती मुद्दाम सांगतो. सर्व कॅज्युअल मजुरांना कायम करा. ही मागणी कायम कामगारांनी आपल्या मागणीपत्रात घातली होती. आज या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचे वडील तेव्हा कॅज्युअलच होते.

आम्ही १९९१ मध्ये खलाशी म्हणून लागलो, तेव्हा श्रेणी होती ७५०-९४०. आज सर्वांत खालच्या पायरीला मूळ वेतन १८,००० आहे. १ जुलै २०२५ चा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर २८,४४० होतात, घरभाडे वेगळे. खलाशाचा मुलगा इंजिनिअर झाला, दारात गाडी आली. आणि मग तो विचारू लागला, "युनियन कशाला? मी माझ्या गुणांवर पुढे आलो." गुण आहेतच, नाही कोण म्हणते? पण फी कोणत्या पगारातून भरली, ते बापाने सांगायला हवे होते.

८ मे ही तारीख आपण १९७४ साठी लक्षात ठेवतो. २०२० साली त्याच तारखेला पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली ही माणसे. हाताला काम नव्हते, प्रवासी गाड्या मार्चपासून बंद होत्या. घरी जाणारी गाडी भुसावळहून मिळेल या आशेने रुळाच्या कडेने चालत निघाली, दमली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीत ऐकू आले, "रुळावर कोणी झोपतात का?" ज्यांच्या आजोबांनी पावसाळ्यात रात्र-रात्र लाइनवर पेट्रोलिंग केले, त्या घरांतून हा प्रश्न आला! पायाखाली खडी असताना रात्रभर चालले की माणसाचे काय होते, हे या देशात आपल्याशिवाय कोणाला जास्त ठाऊक आहे? त्याच काळात सरकारने आपला महागाई भत्ता गोठवला. जानेवारी २०२० ते जून २०२१, तीन हप्ते. त्या अठरा महिन्यांच्या थकबाकीचा हिशेब मोबाइलवर अजून फिरतो. मागणी रास्तच आहे. पण त्या सोळा जणांच्या मजुरीचा, त्यांच्या घरच्यांचा हिशेब कोणाच्या मोबाइलवर आला?

लांब कशाला जायचे, आपल्या डेपोत या. पिट लाइनवर डबे धुणारी माणसे कंत्राटी आहेत. केंद्र सरकारच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या दराने 'अ' क्षेत्रात सफाईच्या अकुशल कामाला दिवसाला ७८३ रुपये, म्हणजे महिन्याला २०,३५८ होत होते. कागदावर आपल्या खालच्या पायरीपासून फार लांब नाही. पण एका डेपोत आम्ही चौकशी केली, तेव्हा कामगारांची एटीएम कार्डे मुकादमाच्या खिशात निघाली. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, आणि त्यातला मोठा भाग त्याच संध्याकाळी परत जातो. ठेकेदार बदलला की दहा वर्षे काम केलेला माणूस पुन्हा नवा होतो, त्याची सेवा पहिल्या दिवसापासून मोजतात. आपला एक सभासद म्हणाला, "दादा, ती आपली माणसे नाहीत." त्याला विचारले, "तुझ्या वडिलांना १९७४ मध्ये कोणी असे म्हटले असते तर?" तो गप्प बसला.

यात नुसता दयेचा प्रश्न नाही. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, तेव्हा नोकरीत असलेले पुष्कळ जण म्हणाले, "आपली तर चालू आहे ना." आज एकाच बाकावर दोन फिटर बसतात, एकाचे म्हातारपण सुरक्षित, दुसरा बाजाराच्या हवाल्यावर. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएस आली. २५ वर्षे सेवा झाली तर अर्ध्या मूळ वेतनाची हमी आहे, पण पगारातून दहा टक्के कापूनच. त्याखालच्या पायरीवर गर्दी किती? २०१९ मध्ये लेव्हल एकच्या १,०३,७६९ जागा निघाल्या आणि अर्ज आले एक कोटीच्या वर. त्यांतले बहुतेक मध्यमवर्गात येण्यासाठी धडपडणारे. जागा कंत्राटात गेल्या, की शिडीच काढून घेतली जाते, आणि खालचा माणूस स्वस्तात मिळू लागला की वरच्याचा पगार डोळ्यांवर येतो.

म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे, की आपल्या डेपोतल्या कंत्राटी कामगारांची नोंदणी करायची. नाव, कामाला लागल्याची तारीख, पीएफचा यूएएन नंबर, हातात येणारी रक्कम. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे रेल्वेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ही तरतूद होती आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या संहितांतही ती आहे. पण पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे कागद. नवा ठेकेदार आला तरी जुनी माणसे कामावर ठेवावीत, ही अट निविदेत घालण्याची मागणी आपण प्रशासनाकडे करणार आहोत, तिलाही हीच यादी जोडायची आहे.

येत्या मंगळवारी दुपारची पाळी सुटताना डेपोच्या गेटवर टेबल मांडणार आहोत. दहा माणसे हवीत. कारकून मंडळींनी आधी नावे द्यावीत, त्यांचे अक्षर चांगले असते. मुकादम तिथे येऊन उभा राहील, त्याच्याकडे लक्ष देऊ नये, आणि कार्डाची गोष्ट चारचौघांत विचारू नये. ती बाजूला नेऊन विचारायची.