कॅरलला तिकडे कुणी नेलं?



कॅरल स्मिथ, वय 41, राहणार नॉर्थ कॅरोलायना, अमेरिका. मुलाबाळांची, देवाधर्माचं करणारी, मतं रिपब्लिकन वळणाची. 2019 मध्ये तिच्या नावानं फेसबुकवर खातं उघडलं गेलं. फॉक्स न्यूज, डोनाल्ड ट्रम्प अशी चार पानं लाईक झाली. दोनच दिवसांत फेसबुक तिला क्यूअॅननच्या ग्रूपमध्ये यायला सुचवू लागलं.

सैतानाला पुजणारी, लहान मुलांचा व्यापार करणारी टोळी जग चालवते आणि ट्रम्प तिच्याशी छुपं युद्ध लढताहेत, ही क्यूअॅननची कथा. कॅरल त्यातल्या एकाही ग्रूपमध्ये गेली नाही. तरी आठवड्याभरात तिच्यासमोर फेसबुकच्या स्वतःच्याच नियमांत न बसणारा मजकूर येऊन पडला.

ही कॅरल म्हणजे फेसबुकच्याच एका संशोधकानं तयार केलेलं चाचणीचं खातं. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी 2021 मध्ये कंपनीची कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा हे उजेडात आलं. 2016 मधलं कंपनीचं एक अंतर्गत सादरीकरण तर आणखी स्पष्ट होतं: अतिरेकी ग्रूपमध्ये होणाऱ्या प्रवेशांपैकी 64 टक्के आमच्याच शिफारशींमुळे होतात!

असल्या बाष्कळ गोष्टींवर कोण विश्वास ठेवतो, असं आपण सहज म्हणतो. त्याच 2016 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमधल्या एका पिझ्झा रेस्टॉरंटात एक माणूस रायफल घेऊन शिरला. तिथं मुलं डांबून ठेवली आहेत, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं. कुलूपबंद दारावर त्यानं गोळ्या झाडल्या. आत मुलं नव्हतीच; अफवेतलं तळघरसुद्धा त्या इमारतीला नव्हतं. सुदैवानं कुणी दगावलं नाही.

अफवा कुठं उगवली, कुणी वाढवली, हे बाहेरच्या अभ्यासकाला शोधायचं तर त्याला कंपन्यांकडची माहिती लागते. नेमकी तीच वाट बंद होत चालली आहे. ट्विटरनं 2023 मध्ये संशोधकांना मोफत मिळणारी माहिती थांबवली. कोणती पोस्ट किती पसरली हे दाखवणारं क्राउडटँगल हे साधन फेसबुकच्या मालक कंपनीनं, मेटानं, ऑगस्ट 2024 मध्ये बंद केलं. मला हे फार गंभीर वाटतं. प्रत्येक वेळी एखादी हॉगन पुढे येईल, या भरवशावर कसं राहायचं?

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं मोठ्या कंपन्यांना संशोधकांसाठी माहिती खुली करणं बंधनकारक केलं आहे. भारतातही असा कायदा व्हायला हवा, आणि ही मागणी आपण आपल्या खासदारांकडे करायला हवी.